क्लासच्या सरांना काय सांगायचं, काय नाही: प्रवेश परीक्षेची माहिती आणि नवखे पालक

नीटनंतरच्या, म्हणजे मेडिकलच्या, राज्यातल्या प्रवेशप्रक्रियेत कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस होता. मुलगी अकरावी-बारावीची दोन वर्षं लातूरला क्लाससाठी राहिली होती, आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे सगळे फॉर्म क्लासच्या ऑफिसनेच भरून दिले होते. फॉर्मवर मोबाइल नंबर होता ऑफिसमधल्या दादांचा. ओटीपी त्यांच्याकडे जायचा, आणि दादा त्या दिवशी कुठल्याशा लग्नात होते. दुपारी तीनपासून फोन लावत होते, ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. साडेपाचला एकदाचा लागला. बँडच्या आवाजात त्यांनी सहा आकडे ओरडून सांगितले आणि मी ते पेनाने तळहातावर लिहून घेतले. कागद शोधायलाही उठले नाही.

दादा माणूस चांगला. त्यांनी फसवलं नाही, पैसे मागितले नाहीत. चूक आमची होती. मुलीच्या दोन वर्षांच्या मेहनतीची किल्ली आम्ही दुसऱ्याच्या खिशात ठेवली होती, आणि ती तिथे आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या मुलांचे फॉर्म भरताना मी शेजारी बसते. मेडिकलची नीट, इंजिनीअरिंगची जेईई, राज्याची सीईटी, सगळेच. दर वर्षी तेच प्रश्न येतात. सरांनी पासवर्ड मागितलाय, देऊ का? हॉल तिकिटाचा फोटो ग्रुपवर टाकायला सांगितलाय, टाकू का? पेपरमध्ये काय आलं ते लिहून मागतायत, लिहू दे का? काही पालक सगळं देऊन मोकळे होतात. काही इतके धास्तावतात की मुलाचे सराव परीक्षेतले गुणही सरांपासून लपवतात. दुसऱ्या चुकीनेही मुलाचं नुकसानच होतं.

माझा हिशेब असा आहे. शिकवायला जी माहिती लागते ती हातचं न राखता द्यायची. मुलाच्या नावाने काही करता येईल अशी माहिती, म्हणजे पासवर्ड, ओटीपी, मूळ कागद, घराबाहेर जाऊ द्यायची नाही. पेपरमधल्या प्रश्नांची गोष्ट वेगळी आहे, तिथे कधी सांगायचं याला महत्त्व आहे. आता वर्षभराच्या क्रमाने बघू.

पहिली पायरी: क्लास किंवा शिकवणी लावताना

इथे मोकळेपणाने बोला. मूल कोणत्या परीक्षा देणार, राज्य मंडळाचं आहे की सीबीएसईचं, दहावीपर्यंतचं माध्यम कोणतं, दहावीला गणित आणि विज्ञानात किती गुण होते, कॉलेजला रोज जायचं आहे की नाही, हे सगळं सांगा. घरी शिकवायला येणाऱ्या सरांना तर हे जास्तच सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे क्लाससारखी प्रवेशाच्या वेळची चाचणी नसते.

परीक्षेचं नाव नेमकं सांगणं का गरजेचं, ते बघा. एमएचटी-सीईटी म्हणजे राज्याची सीईटी. तिच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असतात, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे. एकूण २०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत, आणि अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के, बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न, ३०० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला १ वजा. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले निम्मे एकट्या जीवशास्त्राचे, आणि चुकीला तिथेही १ वजा. ‘सर, सगळ्याच देणार आहे’ एवढंच सांगून सोडलंत, तर सर सगळ्याचंच थोडं थोडं करून घेतील.

बारावीच्या गुणांची अटही सरांच्या कानावर घाला. सीईटीतून इंजिनीअरिंगला जायचं तर बारावीला संबंधित विषयांत ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. नीटवाल्यांना भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. एनआयटीसाठी, म्हणजे जेईई मेनमधून मिळणाऱ्या केंद्राच्या इंजिनीअरिंग कॉलेजांसाठी, बारावीला ७५ टक्के किंवा मंडळातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत, नाव. कॉलेजात फक्त नावापुरता प्रवेश घेऊन दिवसभर क्लासला बसणाऱ्या मुलांचं प्रॅक्टिकल आणि बोर्डाचा अभ्यास मागे पडतो. शिकवणाऱ्याला ही अट आठवत राहिली, तर तो बोर्डासाठीही वेळ काढतो.

तब्येतीचं सांगायचं का? मुलाला फिट येत असेल, दमा असेल, वाचताना अक्षरं गोंधळत असतील, तर जे सर रोज समोर असतात त्यांना तोंडी सांगा. प्रमाणपत्राची झेरॉक्स ऑफिसच्या फायलीत लावायचं कारण नाही.

आणि जात, प्रवर्ग? शिकवायला याची गरज नाही. हे मी जरा ठासून सांगते, कारण मी हे जवळून पाहिलंय. एका मुलाच्या टेस्टच्या पेपरवर गुणांशेजारी प्रवर्ग लिहिलेला असायचा आणि सर त्याला म्हणायचे, ‘तुला एवढे पुरेत रे.’ कुत्सितपणे नव्हे, धीर द्यायला म्हणायचे. पण ते पोरगं त्या ‘पुरेत’वर थांबलं. कटऑफचं बोलणं प्रवेशाच्या वेळी करायचं असतं. अकरावीला क्लासच्या फॉर्मवर प्रवर्गाचा रकाना असेल तर ‘प्रवेशाच्या वेळी सांगू’ असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे.

दुसरी पायरी: परीक्षेचा फॉर्म भरताना

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

क्लासच्या ऑफिसात एका टेबलावर लॅपटॉप, शेजारी रजिस्टर, आणि बाहेर पन्नास मुलांची रांग. ऑफिसमधला माणूस एका मुलाला दहा मिनिटं देतो. त्याच्या सोयीसाठी तो सगळ्यांना एकच पासवर्ड ठेवतो. ईमेल नसेल तर स्वतःच बनवतो. मोबाइल नंबर विचारला आणि मूल गडबडलं, तर स्वतःचाच टाकतो, म्हणजे ओटीपीसाठी थांबायला नको. रजिस्टरमध्ये नाव, अर्ज क्रमांक, पासवर्ड अशी ओळ लिहितो, आणि ते रजिस्टर उघडंच टेबलावर पडलेलं असतं.

तुम्ही हे करा:

फॉर्म भरायच्या आठवडाभर आधी मुलाच्या नावाने नवीन ईमेल घरी बनवा. तो फक्त प्रवेश परीक्षांसाठी ठेवा. त्याचा पासवर्ड एका वहीत लिहा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवू नका.

मोबाइल नंबर आईचा किंवा वडिलांचा द्या, आणि तो नंबर पुढचं वर्षभर चालू राहील याची खात्री करा. रिचार्ज संपून सिम बंद पडलं की ओटीपीही बंद. गावाकडे रेंज नसेल तर ज्याच्या फोनला रेंज असते त्या घरातल्याच माणसाचा नंबर द्या, मग तो काका असो की मोठी बहीण.

फॉर्म शक्यतो घरी भरा. ऑफिसमध्येच भरायचा असेल तर मुलाला एकट्याला पाठवू नका, शेजारी बसा. सरांना विचारायला लाजू नका, पण कीबोर्डवर बोटं मुलाची असू द्या. पासवर्ड टाकायची वेळ आली की मूल टाकेल, बाकीचे पलीकडे बघतील, बँकेच्या एटीएमसारखं.

एकाच परीक्षेचे दोन फॉर्म भरू नका. कधी क्लास एक भरतो, घाबरून घरचे दुसरा भरतात. नीट आणि जेईई मेन घेणाऱ्या एनटीए या राष्ट्रीय संस्थेच्या नियमांत एका उमेदवाराला एकच अर्ज चालतो. दोन सापडले तर तो गैरप्रकार धरला जातो.

जेईई मेनचा फॉर्म दुरुस्त करायची खिडकी उघडते, पण त्यात मोबाइल नंबर आणि ईमेल बदलता येत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी दुसऱ्याचा नंबर गेला, की तो शेवटपर्यंत तसाच. म्हणून ‘सबमिट’ दाबण्याआधी त्या दोन ओळी मोठ्याने वाचा. आकडा आकडा करून.

मग सरांना काय द्यायचं? फॉर्म भरला हे, आणि कोणत्या शहरांची पसंती दिली हे सांगा. अर्ज क्रमांक देण्याची घाई नको. अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख एवढ्यावर प्रवेशपत्र (हॉल तिकीट) किंवा निकाल उघडतो असं अनेकदा असतं, आणि जन्मतारीख क्लासकडे आधीच असते. दोन्ही एका ठिकाणी आली, की निकाल तुमच्याआधी क्लासला कळतो. काही घरांत तो मुलाला स्वतः उघडायलाच मिळत नाही. सर फोन करून सांगतात. आनंदाचा असला तर ठीक, वाईट असला तर त्या मुलाला तो परक्या आवाजात ऐकावा लागतो.

कागदपत्रं

मूळ कागद कोणालाही ठेवायला देऊ नका. शाळा सोडल्याचा दाखला नाही, दहावीची गुणपत्रिका नाही, जात वैधता प्रमाणपत्र तर मुळीच नाही. ‘प्रवेशाच्या वेळी आम्हीच लावतो’ असं सांगतात, पण मधेच क्लास सोडायचा झाला की तो कागद परत मिळवायला खेटे घालावे लागतात. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर त्यावर आडवं लिहा: ‘फक्त अमुक क्लासच्या प्रवेशासाठी’, खाली तारीख. आधारची प्रत हवीच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात ती मास्क केलेली प्रत द्या. आधारच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवता येते.

केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून मूल मधेच सोडून गेलं, तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी, असं त्यात लिहिलंय. तेव्हा मूल मधेच सोडून जाऊ नये म्हणून दाखला अडकवून ठेवणाऱ्या क्लासला हे शांतपणे दाखवा.

तिसरी पायरी: प्रवेशपत्र आल्यावर

प्रवेशपत्र आलं की ग्रुपवर फोटो टाकायची स्पर्धा लागते. सरांना परीक्षेची तारीख, सत्र आणि शहर एवढंच लागतं. ते एका ओळीत लिहून पाठवा. सीईटी अनेक दिवस, दोन सत्रांत होते. सकाळचं सत्र आलं की दुपारचं, यावर सर शेवटच्या आठवड्यातल्या सराव परीक्षांची वेळ ठरवतात, म्हणून ही माहिती द्याच. पण पूर्ण प्रवेशपत्र, ज्यावर फोटो, सही, अर्ज क्रमांक, केंद्राचा पत्ता सगळं असतं, ते पाठवू नका.

२०२४ ची नीट आठवा. ५ मे ला परीक्षा झाली आणि पुढे पेपरफुटीची चौकशी सुरू झाली. जूनमध्ये लातूरलाही गुन्हा दाखल झाला, तेव्हा आरोपींच्या मोबाइलमध्ये विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं सापडल्याच्या बातम्या होत्या. त्या दिवसांत आमच्या ओळखीतल्या कित्येक आया फोन चाळत बसल्या होत्या, आपण कोणाकोणाला हॉल तिकीट पाठवलं होतं ते आठवत. ज्या मुलाने काहीच केलं नाही, त्याचा फोटो आणि रोल नंबर भलत्याच्या फोनमध्ये असणं याचा घोर किती असतो, ते मी त्या वेळी पाहिलं.

चौथी पायरी: गुण आणि उत्तरपत्रक

आता उलट बाजू. इथे पालक हात आखडता घेतात, आणि इथेच सढळ हाताने द्यायला हवं.

शेजारचा मुलगा जेईईच्या जानेवारी सत्राला बसला होता. गुण कमी आले, म्हणून त्याच्या आईने सरांना नुसतं ‘पेपर अवघड गेला’ एवढंच सांगितलं. कमीपणा वाटला तिला. मी म्हटलं, ‘अगं, डॉक्टरकडे जाऊन ताप लपवतेस होय?’ मग त्याचं एनटीएच्या संकेतस्थळावरचं उत्तरपत्रक, म्हणजे त्याने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते, आम्ही उतरवलं. वरच्या भागात नाव, अर्ज क्रमांक, रोल नंबर असतो, तो सोडून बाकीची पानं छापली आणि गणिताच्या सरांकडे नेली.

सरांनी लाल पेन घेतला आणि चुकलेल्या प्रश्नांपुढे खुणा करत गेले. काही गणितं येत नव्हती, काहींत आकडेमोड चुकली होती. मग ते एकदम थांबले. ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर आकड्यात लिहायचं असतं, तसे १५ प्रश्न पेपरमध्ये असतात. त्यातले नऊ पोराने अंदाजाने भरले होते, आणि नऊच्या नऊ चुकले होते. ‘हे का भरलंस?’ तर म्हणाला, ‘सीईटीत काही सोडायचं नाही ना सर.’ सीईटीत गुण वजा होत नाहीत, ती सवय त्याने इथे आणली होती. चार पर्यायांत अंदाज लागूही शकतो, पण आकड्यात तो कुठून लागणार? नऊ गुण हातचे गेले. एप्रिलच्या सत्राआधी सरांनी ती एक सवय मोडून घेतली. ‘पेपर अवघड गेला’ या उत्तरावरून त्यांना हे कधीच कळलं नसतं.

म्हणून सराव परीक्षांचे गुण, विषयवार पर्सेंटाइल, उत्तरपत्रक, आधीच्या प्रयत्नाचा निकाल, हे शिकवणाऱ्याला दाखवा. नाव झाकून दाखवा, पण दाखवा. दोन ठिकाणी शिकवणी असेल, म्हणजे क्लास आणि घरी वेगळे सर, तर दोघांनाही दाखवा, आणि दुसरीकडे जातो हे लपवू नका. सर रागावतील या भीतीने मुलं तोच धडा दोनदा वेगवेगळ्या पद्धतीने शिकतात आणि गोंधळतात.

एक खबरदारी. गुण सरांना द्या, ग्रुपवर नको. क्लासच्या ग्रुपवर गुणांची यादी पडते, तिथून ती कुठे जाते कोण जाणे. बारावीच्या निकालानंतर अनोळखी नंबरवरून ‘तुमच्या मुलाला अमुक कॉलेजला सीट करून देतो’ असे फोन सुरू होतात, आणि त्यांना मुलाचं नाव, गुण, गाव सगळं माहीत असतं.

पाचवी पायरी: पेपर सुटल्यावर

पालकांना सगळ्यात जास्त अडचणीत टाकणारी मागणी इथे येते. सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रश्नपत्रिका घरी येत नाही. जेईई मेनचंही तसंच. त्यामुळे केंद्राच्या फाटकावर क्लासची माणसं वही घेऊन उभी असतात. ‘काय काय आलं, सांग पटापट.’ संध्याकाळी पालकांना फोन येतो: मुलाला आठवतात तेवढे प्रश्न लिहून पाठवा, उद्याच्या मुलांना उपयोग होईल.

सगळी सत्रं होईपर्यंत पाठवू नका. कारणं दोन.

एक म्हणजे, आपलं मूल तेव्हा रिकामं झालेलं असतं. त्याला जेवण आणि झोप हवी असते. पीसीएम आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) दोन्ही गट देणाऱ्याचा तर दुसरा पेपर अजून व्हायचा असतो. प्रश्न आठवायला बसवलं की त्याला चुकलेलेच जास्त आठवतात, आणि तो पुढच्या पेपरला ते ओझं घेऊन जातो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उद्या परीक्षेला बसणाऱ्यांत ज्याच्यामागे क्लास नाही असंही मूल असतं. त्याने ग्रंथालयातून पुस्तक आणून अभ्यास केलाय आणि पहाटेच्या एसटीने तो केंद्रावर येणार आहे. आपण पाठवलेली यादी त्याच्यापर्यंत पोचणार नाही. ती फी भरलेल्यांपर्यंत पोचणार. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो आणि पर्सेंटाइल त्या त्या सत्रातल्या मुलांशी तुलना करून निघतं, त्यामुळे त्या यादीचा फायदाही वाटतो तेवढा होत नाही. पण तो कमी होतो की जास्त, यावर मी हे ठरवलेलं नाही.

मूल स्वतःहून मित्राशी किंवा सरांशी ‘अवघड होता, गणिताला वेळ पुरला नाही’ असं बोललं तर बोलू द्या. तोंड शिवून टाकायचं नाही. यादी करून पाठवायची नाही, एवढंच. नीटची प्रश्नपत्रिका मुलं घरी आणतात आणि ती परीक्षा सगळीकडे एकाच वेळी होते, तिथे हा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या दिवशी सरांसोबत बसून खुशाल तपासा.

उत्तरतालिका, म्हणजे बरोबर उत्तरांची अधिकृत यादी, आली की मात्र लगेच सरांकडे जा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं दिलंय असं वाटलं तर हरकत घेता येते. एनटीएकडे एका प्रश्नाला २०० रुपये, सीईटी घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाकडे १००० रुपये असा दर राहिला आहे. त्या वर्षीच्या सूचनेत रक्कम आणि मुदत बघून घ्या. कोणत्या प्रश्नावर पैसे घालायचे हे सरांना विचारा, पण हरकत नोंदवायची ती आपल्याच लॉगिनमधून.

पेपरमध्येच चूक असेल तर ती लपवू नका, आणि नुसती सरांना सांगूनही थांबू नका. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात सीईटीच्या गणिताच्या २१ प्रश्नांत, इंग्रजी आवृत्तीत, चुका निघाल्या. मुलांनी आणि पालकांनी तक्रारी केल्या, आणि त्या सत्राची परीक्षा ५ मे ला पुन्हा घेतली गेली. अशा वेळी सीईटी कक्षाला त्याच दिवशी लेखी कळवा. मुलाने काय पाहिलं, कोणत्या विषयात, कोणत्या सत्रात, एवढं साधं लिहा.

आणि कोणी, मग तो कितीही नावाजलेला शिक्षक असो, परीक्षेआधी ‘पेपर मिळेल’, ‘केंद्र सांभाळून घेऊ’, ‘रोल नंबर पाठवा’ असं म्हणाला, तर त्याच क्षणी संबंध तोडा. मेसेज पुसू नका, जपून ठेवा आणि पोलिसांत द्या. एनटीएच्या परीक्षांना लागू असलेला गैरप्रकार प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा २१ जून २०२४ पासून अमलात आहे. त्यात ३ ते ५ वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. टोळीने केलेल्या गुन्ह्याला ५ ते १० वर्षं आणि किमान १ कोटी.

सहावी पायरी: निकाल आणि फ्लेक्स

निकालाच्या दिवशी क्लासकडून फोटो मागितला जातो. आधी मुलाला विचारा. त्याला चौकात आपला चेहरा लागलेला आवडेल का? एका मुलीचा फोटो आमच्या इथे तीन क्लासच्या फ्लेक्सवर होता. एकीकडे ती दोन वर्षं शिकली होती, दुसरीकडे तिने फक्त टेस्ट सिरीज घेतली होती आणि तिसरीकडे एक दिवसाचं मार्गदर्शन.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले. मुलाचं नाव, फोटो, मनोगत वापरायला लेखी संमती लागते, आणि ती निवड झाल्यानंतरच घ्यायची. मुलाने कोणता कोर्स किती काळ केला, हेही जाहिरातीत सांगावं लागतं. तेव्हा प्रवेशाच्या वेळी छापील फॉर्मवर ‘निकालाचा वापर करण्यास आमची हरकत नाही’ अशी ओळ असेल, तर ती खोडून सही करा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

सातवी पायरी: पसंतीक्रम

इथे सरांचा सल्ला घ्याच, त्यांनी शेकडो मुलं पाहिलेली असतात. आता गुण, प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला, गाव, हॉस्टेल परवडेल का, सगळं त्यांच्यासमोर मांडा. अकरावीला जे सांगायची गरज नव्हती, ते आता सांगितल्याशिवाय सल्ला मिळणार नाही. नीटवाल्यांनी लक्षात ठेवा, सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्याची नोंदणी वेगळी, आणि राज्याची वेगळी. दोन्हींचे पासवर्ड वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहा.

यादी मात्र कागदावर करून घरी आणा आणि घरी भरा. इंजिनीअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की ती जागा गोठते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. म्हणजे वरची ओळ कोणी भरली, यावर मुलाची चार वर्षं ठरतात. एखाद्या कॉलेजशी बोलणं झालेलं असलं की ते नाव हळूच वर सरकवणारेही भेटतात. ‘हे पहिल्या नंबरवर का, सर?’ असं प्रत्येक ओळीला विचारा. चांगले सर कारण सांगतात.

नाही म्हणायचं कसं

आपल्याकडे सरांना नाही म्हणणं जड जातं. मुलाला त्यांच्याच वर्गात बसायचं असतं. म्हणून मी एक मेसेज तयार ठेवलाय, तो बऱ्याच जणींनी वापरलाय:

‘नमस्कार सर. फॉर्म आम्ही घरी भरला आहे. परीक्षा अमुक तारखेला, सकाळचं सत्र, केंद्र लातूर. लॉगिन मुलाचे बाबाच बघतात, त्यामुळे पासवर्ड घरीच ठेवत आहोत. निकाल आला की तुम्हाला आम्हीच फोन करू. टेस्टचे पेपर घेऊन शनिवारी भेटायला येऊ का?’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यातून सरांना कळतं की तुमचा अविश्वास नाही, तुम्हाला त्यांचं शिकवणं हवंय. पासवर्डवरून कोणी मुलाला वर्गात टाकून बोललं, तर मात्र पालकांनी स्वतः जाऊन भेटायचं. ते मुलावर सोडायचं नाही.

आधीच देऊन बसला असाल तर

घाबरू नका, आजच बसा. आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग परीक्षेच्या लॉगिनचा. फॉर्मची प्रत उतरवून त्यावरचा मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा. दुसऱ्याचा निघाला आणि बदलता येत नसेल, तर त्या माणसाचे दोन पर्यायी नंबर घ्या, त्याला प्रवेशाच्या तारखा लिहून द्या आणि आदल्या दिवशी फोन करून आठवण करा. पुढच्या प्रत्येक नव्या नोंदणीत आपला नंबर टाका. मूळ कागद ऑफिसमध्ये असतील तर ‘तहसीलला दाखवायचे आहेत’ अशी सबब सांगायची गरज नाही. आमचे कागद आहेत, परत हवेत, एवढंच सांगून घेऊन या आणि मिळाल्याची नोंद त्यांच्या रजिस्टरवर स्वतः करा. तिथेच पानं चाळून मुलाच्या नावापुढचा पासवर्ड पेनाने खोडून या.

आमच्या मुलीने प्रवेश पक्का झाल्यावर तेच केलं. पेढ्यांचा डबा घेऊन गेली, सरांच्या पाया पडली, दादांना दोन पेढे जास्त दिले, आणि मग रजिस्टर मागून आपली ओळ गाठली. दादा म्हणाले, ‘आता कशाला गं, झालं की सगळं.’ ती म्हणाली, ‘दादा, तोच पासवर्ड माझ्या धाकट्या भावाच्या फॉर्मला पण आहे.’